चाबी

ऑटोमॅटिक घड्याळाबद्दल लोकांचा एक गोड गैरसमज असतो. ऑटोमॅटिक म्हणजे त्याला काही करावंच लागत नाही, ते आपलं आपण चालतं! दर सहा महिन्यांनी ऑफिसात कुणीतरी नवं ऑटोमॅटिक मिरवत येतो आणि पुढच्याच सोमवारी तोंड पाडून विचारतो, "अरे, बंद पडलं यार. वॉरंटीत देऊ का?" बाबा रे, शुक्रवारी रात्री दहाला काढून टेबलावर ठेवलंस, शनिवार-रविवार ते तसंच पडून होतं. अशा घड्याळात पूर्ण चाबी भरलेली असली तरी साधारण चाळीस तास पुरते. म्हणजे रविवारी दुपारी दोनच्या सुमारास, तू मिसळ खाऊन लोळत होतास तेव्हा, त्याने शांतपणे मान टाकली. बिघाड वगैरे काही नाही. तू हललास तर ते हलणार.

पुण्यात घड्याळाला किल्ली देतात. आमच्या हिंगोलीकडे चाबी भरतात. मला चाबीच बरी वाटते, कारण 'भरणे' हे क्रियापद नेमकं आहे. आपण खरंच काहीतरी भरत असतो. एका डबीत पोलादाची लांब पट्टी गुंडाळलेली असते, ती आवळली की तिच्यात ताकद साठते आणि सुटता सुटता ती चाकं फिरवते. ऑटोमॅटिकमध्ये एवढंच जास्तीचं की पाठीमागे अर्धवर्तुळाकार वजनाचा एक तुकडा मोकळा फिरत असतो. त्याला रोटर म्हणतात. हात हलला की तो जडपणाने खाली घसरतो, आणि त्याचं ते फिरणं दातेरी चाकांमधून कमी कमी होत जाऊन स्प्रिंग आवळतं. रोटरच्या कितीतरी गरगरीतून स्प्रिंगचा एखादा वेढा. ठिबक सिंचनच म्हणा ना.

मग दिवसभर हात हलवला तर स्प्रिंग तुटणार नाही का? नाही तुटत. तिचं बाहेरचं टोक डबीला पक्कं जोडलेलं नसतं, ते नुसतं भिंतीला दाबून धरलेलं असतं. गरजेपेक्षा ताण आला की सरकतं. बफर भरला की ओव्हरफ्लो मुकाट्याने टाकून देणारं हे डिझाइन सॉफ्टवेअरवाल्यांच्या कितीतरी आधीचं आहे. मनगटी घड्याळात आपोआप चाबी भरण्याचं पेटंट जॉन हारवूड नावाच्या इंग्रज घड्याळजीला १९२४ मध्ये मिळालं. त्याचं वजन पूर्ण फिरत नसे, दोन्ही बाजूंना आपटून परत येई. पूर्ण गोल फिरणारा रोटर रोलेक्सने १९३१ मध्ये आणला.

वापरायचे नियम थोडेच. थांबलेलं घड्याळ हातात धरून खुळखुळ्यासारखं हलवायचं नाही, सरळ चाबीने वीस-पंचवीस वेढे द्यायचे आणि मग हातावर चढवायचं. (काही घड्याळांना हाताने चाबी भरायची सोयच नसते, त्यांना हलवण्यावाचून इलाज नाही.) रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलायला जायचं नाही, त्या वेळी तारखेची चाकं आपसात गुंतलेली असतात. फोनच्या, लॅपटॉपच्या स्पीकरला चिकटवून ठेवायचं नाही, आत लोहचुंबकाचा परिणाम झाला की घड्याळ पळत सुटतं. आणि दिवसाला वीसेक सेकंद मागेपुढे झालं तर बोंब मारायची नाही. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. वीस सेकंदांची चूक म्हणजे ९९.९७ टक्क्यांहून जास्त अचूक. आपल्यातले किती जण क्लायंटला एवढं अपटाइम लिहून देतात? :-)

क्वार्ट्झचा हिशोब वेगळा. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा बघून ज्याला गुदगुल्या होत नाहीत तो प्रोग्रामर नव्हे. दोनाचा पंधरावा घात! पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद मिळतो. सेकोने १९६९ च्या नाताळात पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि स्विस लोकांची झोप उडवली. त्याच्यासमोर आमच्या घरातलं जुनं घड्याळ सेकंदाला पाच-सहा ठोके टाकणारं. बिचारं.

ते घड्याळ म्हणजे एचएमटी कांचन. सोनेरी, ऑटोमॅटिक, वार आणि तारखेची खिडकी असलेलं. एचएमटीने १९६१ मध्ये बंगलोरला जपानच्या सिटीझनच्या मदतीने घड्याळं बनवायला सुरुवात केली. 'जनता' हे त्यांचं सर्वसामान्यांचं, रोज हाताने चाबी भरायचं घड्याळ. मास्तर, तलाठी, कंडक्टर, ज्याच्या त्याच्या हातावर जनता. कांचन मात्र लग्नातलं. घड्याळ, सायकल आणि ट्रान्झिस्टर या त्रिकुटावर मराठवाड्यात किती लग्नं जुळली आणि किती अडली याची गणती नाही. त्यातही जावयाला कांचन दिलं म्हणजे सासऱ्याने हात आखडला नाही असा अर्थ. सहजासहजी मिळायचं नाही, वरचे पैसे मोजावे लागायचे.

आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, काही मागितलं नव्हतं. ते नुकतेच औंढ्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत गणित-विज्ञान शिकवायला लागले होते. पण आईच्या वडिलांची वसमतच्या बाजारात हळद चांगल्या भावाने गेली त्या वर्षी, आणि ते नांदेडहून कांचन घेऊन आले. १९८३ ची गोष्ट. आई अजूनही त्याला 'आमच्या बाबांचं घड्याळ' म्हणते. नानांच्या हातावर चाळीस वर्षं असूनसुद्धा! वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा आईने पेपरातलं कात्रण कापून घड्याळाच्या जुन्या डबीत ठेवलं. दोन्हींचा संबंध तिच्या लेखी उघड आहे.

शाळेत नानांचं घड्याळ म्हणजे प्रमाणवेळ. सकाळी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या पिप-पिपवर ते मिळवायचे, आणि त्यावर शिपाई रुळाचा तुकडा बडवायचा. सगळं गाव त्या टोल्यावर. गावात दुसरी वेळ सांगणारी गोष्ट म्हणजे पूर्णा-अकोला मार्गावरची मीटरगेज गाडी, पण तिच्यावर विसंबून कुणी भात टाकला नसता. (२००८ मध्ये ब्रॉडगेज झाली. तेव्हापासून गाड्या मोठ्या झाल्या एवढं नक्की.) नाना वर्गात सारखे हातवारे करायचे, फळ्याच्या या टोकाला पायथागोरस तर त्या टोकाला सिद्धता. दर रविवारी मामाच्या शेतात. त्या घड्याळाला तीस वर्षांत हाताने चाबी भरायची वेळ आली नाही असं नाना अभिमानाने सांगायचे. मामाकडे हळद काढणीला गेले की पट्टा पिवळाधमक व्हायचा. तो डाग धुतला की आणखी पसरतो. हे हळद शिजवणाऱ्या कुणालाही विचारा.

२०१३ मध्ये नाना रिटायर झाले आणि आम्ही हिंगोलीतल्या घरी... म्हणजे आई-नाना. मी पुण्यातच. तरी घड्याळ ठणठणीत चालू होतं, कारण नाना रोज सकाळी कयाधूच्या पुलापर्यंत चालत जाऊन यायचे, संध्याकाळी बाजार. २०१८ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा फोनवर तक्रार आली. "घड्याळ पहाटे बंद पडायलंय रे." पहाटे चारला थांबलेलं असायचं, कधी अडीचला. सकाळी हातावर घातलं की पुन्हा सुरू. मी म्हटलं, नाना, चालणं कमी झालंय का तुमचं? तर चिडले. "रोज पुलापर्यंत जातो. विचार तुझ्या आईला." आईनेही दुजोरा दिला. चाल खरंच तेवढीच होती.

मग मी ते पुण्याला आणलं. एका मोठ्या दुकानात दिलं. त्यांनी उघडलं, धुतलं, तेलपाणी केलं, रोटरचं बेअरिंग झिजलंय म्हणून ते बदललं आणि घड्याळाच्या मूळ किमतीच्या कितीतरी पट बिल हातात ठेवलं. बदललेला जुना भाग मागितला तर तो टाकून दिला म्हणाले. असो. खात्री करायला मी तीन आठवडे स्वतः वापरलं. एकदम झकास! दिवसाला बारा-पंधरा सेकंद पुढे, रात्री काढून ठेवलं तरी सकाळी चालू. समाधानाने हिंगोलीला पाठवलं. पाचव्या दिवशी फोन. "पुन्हा थांबलं."

आता हे वाक्य आपल्या धंद्यात सगळ्यांच्या ओळखीचं आहे. माझ्या मशीनवर तर चालतंय! आणि आपल्याला हेही माहीत असतं की ज्या बगबद्दल हे वाक्य उच्चारलं जातं तो बग कोडमध्ये सापडत नाही, तो वातावरणात असतो. कोड तोच, मशीन वेगळं. घड्याळ तेच, हात वेगळा. पण नाना चालत होते, हे तर सिद्ध होतं. माझी गाडी इथे अडली.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा नाना मला हिंगोलीतल्या त्यांच्या नेहमीच्या उस्तादांकडे घेऊन गेले. बाजारातल्या एका बोळात, एका माणसाने मांडी घालून बसावं एवढीच जागा. डोळ्याला भिंग, समोर पितळी चिमटे, काचेच्या झाकणाखाली कुणाकुणाची उघडी घड्याळं. एचएमटीचे सुटे भाग मिळणं केव्हाच अवघड झालेलं. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळं लावायचा निर्णय घेतला, त्याच्याही कितीतरी आधीपासून उस्ताद दोन बंद घड्याळांतून एक चालू करत होते. नेटवर जी चकचकीत रंगीत डायलची 'जुनी' एचएमटी विकायला असतात, ज्यांना जगभरचे शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणून नाक मुरडतात, त्यांच्याबद्दल उस्तादांचं मत छापण्याजोगं नाही.

उस्तादांनी घड्याळ कानाला लावलं. उघडून बघितलं, रोटर बोटाने फिरवला. मग चाबीने पूर्ण भरलं आणि म्हणाले, "परवा या. तोवर टेबलावर राहू द्या." परवा गेलो. त्यांनी ते संध्याकाळी सहाला भरलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर चालून त्या दिवशी सकाळी अकरानंतर थांबलं होतं. एक्केचाळीस तास. "घड्याळाला काहीच झालं नाही गुरुजी."

"मग कामून थांबतंय?" नाना.

उस्तादांनी भिंग काढलं. नानांकडे जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, जरा त्या खांबापर्यंत जाऊन या बरं."

नाना गेले. आले. दिवाळीची गर्दी, लोक बघत होते, मला अवघडल्यासारखं झालं. उस्ताद म्हणाले, "आणखी एकदा." आणि मला हळूच, "डावा हात बघा त्यांचा."

मी बघितलं. उजवा हात नेहमीसारखा मागेपुढे जात होता. डावा अंगाला चिकटून, कोपरात जरासा वाकून, तसाच्या तसा. पिशवी धरल्यासारखा, पण हातात पिशवी नव्हती.

"घड्याळ चालतंय," उस्ताद म्हणाले. "गुरुजी बी चालतात. पण हा हात चालंना." आणि त्यांनी कांचन नानांच्या उजव्या हातावर बांधलं. "आठ दिवस असंच घाला."

आठ दिवस ते एकदाही थांबलं नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं. डिबगिंगचं सगळं शास्त्र एवढंच आहे, आणि ते मला वर्षानुवर्षं पगार घेऊन जेवढं जमतं त्याहून उस्तादांना दोन दिवसांत जमलं. मी आपला खात्री म्हणून माझा पावलं मोजायचा बँड आधी नानांच्या डाव्या आणि मग उजव्या हातावर बांधून त्यांना पुलापर्यंत पाठवलं. तोच रस्ता, तीच चाल. डाव्या हातावर निम्म्याहून कमी पावलं लागली. हे बँडसुद्धा शेवटी हाताच्या झोक्यावरूनच अंदाज बांधतात.

नांदेडच्या न्यूरॉलॉजिस्टनी नानांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, आणि एका कोऱ्या कागदावर एकच वाक्य पाच वेळा लिहायला सांगितलं. तीस वर्षं फळ्यावर टपोरं लिहिलेल्या माणसाचं पाचवं वाक्य मुंगीएवढं झालं होतं. पार्किन्सन्स. मेंदूत डोपामीन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, आणि लक्षणं दिसेपर्यंत त्यांचा मोठा भाग गेलेला असतो. आपल्याला हा आजार म्हणजे थरथर एवढंच माहीत असतं. पण चालताना एकाच बाजूच्या हाताचा झोका कमी होणं हे थरथरीच्या आधीही दिसू शकतं. घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण रोज बघतो त्या माणसाकडे आपण बघत नाही. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला शंका कशी आली? नाना म्हणाले, "घड्याळजीने पाठवलं." डॉक्टर हसले नाहीत. कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

परतीच्या प्रवासात नाना बराच वेळ गप्प होते. मग एकदम म्हणाले, "आपल्याकडे लायगो होणारे, माहितेय ना?" गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा औंढा नागनाथ तालुक्यात उभी राहायची आहे. गंमत म्हणजे एचएमटी घड्याळांना टाळं लागल्यावर दीड महिन्याच्या आतच, फेब्रुवारी २०१६ मध्ये, तिला तत्त्वतः मंजुरी मिळाली होती. (अंतिम मंजुरी २०२३ मध्ये, २,६०० कोटींची.) नाना त्याबद्दल कुणालाही पकडून सांगायचे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींना काटकोनात. लहर गेली की एक भुजा दुसरीपेक्षा कणभर लांब होते. कणभर म्हणजे प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढी. ते मोजायचं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या दोन वेधशाळांना जी पहिली लहर सापडली ती एकीला दुसरीच्या सात मिलिसेकंद आधी लागली होती. ती कुठल्या दिशेने आली हे अशा वेळेच्या फरकावरून काढायचं, म्हणून लांबवर आणखी एक केंद्र हवं, आणि ते आमच्याकडे. "बघ," नाना म्हणाले, "तिथे शास्त्रज्ञ दोन भुजांतला फरक मोजणार. इथे उस्तादाने माझ्या दोन भुजांतला फरक बोळात बसून मोजला. फुकट." मग खिडकीबाहेर बघत बसले.

लेव्होडोपाची गोळी वेळेवर घ्यावी लागते. वेळेवर म्हणजे अगदी वेळेवर. अर्धा तास उशीर झाला की नानांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, आणि जेवणाच्या आधी पुरेसं अंतरही हवं. त्यामुळे ज्या माणसाच्या घड्याळावर गाव चालायचं, त्याला आता स्वतःला चालायला घड्याळ लागतं. मी स्मार्टवॉच देऊ केलं. आठवण करून देतं, पडलात तर मला फोन करतं, सगळं. नानांनी दोन दिवस घातलं आणि "हे माझ्यावर पाळत ठेवतं" म्हणून परत केलं. मी वाद घालून बघितला. त्यांचं म्हणणं, पडलो तर तुझी आई ओरडेल, ते तुला पुण्यात ऐकू येईल.

पुढे उजवा हातही मंदावला. थरथर सुरू झाली तेव्हा नानांनी विनोद केला, "आता चाबीची काळजी मिटली." मिटली नाही. पार्किन्सन्सची थरथर सेकंदाला चार ते सहा वेळा होते, पण रोटर नुसता जागच्या जागी कुरकुरतो, त्याला घसरायला ऐसपैस झोका लागतो. आणि चाबीचं ते एवढंसं बोंड चिमटीत धरून फिरवणं नानांच्या बोटांना आता जमत नाही. मी एक विजेवर फिरणारा वाइंडर मागवला. मखमली डबी, घड्याळ आत ठेवायचं, ती दिवसभर गोल गोल फिरवत राहते. हजारो रुपयांची वस्तू, माणसाच्या हाताचं काम करणारी.

ती डबी हिंगोलीच्या घरी फ्रिजवर आहे. तिची वायर लावलेली नाही. तिच्यात नानांच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा असतात, मावतात बरोबर. घड्याळाला चाबी आई भरते, सकाळी साडेसहाला, पहिल्या गोळीच्या आधी. पंचवीस वेढे. मोठ्याने मोजते, कारण मधेच चहा उतू जायला येतो आणि आकडा विसरतो. मग नाना पलंगावरून सांगतात, "सतरा झाले."